आकडे फोडण्याचे दिवस

फाल्गुन अर्धा सरला की आमच्या नळदुर्गच्या हवेला आंबूस वास सुटतो. हायवेवरून ट्रक गेला की त्यावर डिझेलचा थर चढतो, धूळ खाली बसली की पुन्हा आंबूस. पाहुण्यांना वाटतं, कुणाच्या तरी घरी आमटी उतू गेली. गावाला ठाऊक असतं की चिंच फुटायला लागली. मला त्याबरोबर आणखी एक गोष्ट ठाऊक असते, परीक्षा आल्या. एरवी मी बऱ्यापैकी सज्जन बाई आहे. या दिवसांत माझा फौजदार होतो. पोरांच्या बाह्या, पोरींच्या ओढण्यांची टोकं, पाणी प्यायला उठलेल्याचा तळहात, सगळ्यावर नजर ठेवायची आणि कुणावरही विश्वास टाकायचा नाही, याचा मला पगार मिळतो. सकाळभर असं बघून घरी आलं की डोळे लगेच निवळत नाहीत. मग दूधवाल्याच्या मापाकडंही मी त्याच डोळ्यांनी बघते आणि तो बिचारा उगाच ओशाळतो.

यंदा तो वास आला आणि मला मल्लम्मा मावशींचा अंगठा आठवला. दरवर्षी आठवतो. त्या वर्षापासून चिंच आणि संशय या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकमेकींना चिकटून बसल्या आहेत, आणि चिंचेचा चिकटा काही सहजासहजी जात नाही.

आमच्याकडं चिंचेच्या शेंगेला आकडा म्हणतात. वाकडी असते म्हणून म्हणत असतील. मी इथल्या कॉलेजात गणित आणि कम्प्युटर शिकवते, म्हणजे माझा पोटापाण्याचा धंदाही आकड्यांचाच. मी भाड्यानं राहते त्या घराच्या मागच्या भिंतीला लागून एका व्यापाऱ्याचं पत्र्याचं शेड आहे. हंगामात तिथं बायका दिवसभर बसतात. आकडा दगडावर धरायचा, वर लोखंडी दांडक्याचा टोला घालायचा, टरफल उडवायचं, शिरा ओढून काढायच्या आणि गर अंगठ्यानं फाकवून आतला चिंचोका बाहेर ढकलायचा. भिंतीच्या अलीकडं मीही वहीवर आकडे फोडत बसलेली असते. पहिल्या वर्षी मी हा विनोद तिथं बसणाऱ्या मल्लम्मा मावशींना ऐकवला, की आपण दोघी आकडेच फोडतो. त्या हसल्या नाहीत. आमच्या आकड्यातून काय निघतं ते दिसतं तरी, एवढंच म्हणाल्या आणि पुढचा आकडा दगडावर ठेवला.

मल्लम्मा मावशी मूळच्या सीमेपलीकडच्या, माहेर कानडी मुलखातलं. मराठी बोलायच्या, पण मोजायच्या कानडीत. वंदू, यरडू, मूरू. मी एकदा विचारलं, मोजताना कानडी का? तर म्हणाल्या, मोजताना मन थाऱ्यावर असावं लागतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि नजर अशी की समोरचा खरं बोलत असला तरी त्यानं एकदा स्वतःला तपासून घ्यावं. परीक्षा हॉलमध्ये अशी एक बाई मला मिळाली असती तर मी निर्धास्त झाले असते.

त्या वर्षी रेशन दुकानात नवा हुकूम आला होता. कार्डावरच्या प्रत्येकानं महिनाअखेरीच्या आत मशीनवर अंगठा ठेवून आपण आपणच आहोत हे पटवून द्यायचं, नाहीतर नाव कटणार. मावशींच्या कार्डावर एकच नाव होतं, त्यांचं स्वतःचं. नवरा गेल्यावर त्या बरीच वर्षं दिराच्या, शरणप्पाच्या घरात राहिल्या. मारहाण नव्हती, उपासमार नव्हती. फक्त पिठाचा डबा जावेच्या खोलीत असायचा आणि आज भाकरी किती थापू, हे रोज दारात उभं राहून विचारायला लागायचं. त्या विचारण्यातून सुटायला त्यांना फार खटपट करावी लागली. आधी खोली वेगळी झाली, मग चूल वेगळी झाली, पण कार्ड वेगळं झालं तेव्हा कुठं घरच्यांनी मानलं की ही बाई खरंच वेगळी राहते. आता नाव कटलं तर दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणं एकच वाट होती, दिराच्या कार्डात नाव घालून घ्यायचं. म्हणजे फिरून तोच पिठाचा डबा.

आणि मशीन मावशींचा अंगठा घेत नव्हतं.

दुकानदार वाईट माणूस नव्हता. त्यानं काच सदऱ्याच्या टोकानं पुसली, मावशींचा अंगठाही पुसला, दाबा म्हणाला, जरा कमी दाबा म्हणाला, उद्या या म्हणाला. दुसऱ्या दिवशीही लाल दिवा. मावशी म्हणाल्या, मी सही करते. चाळिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गात बसून त्या सही शिकल्या होत्या. नावात दोन जोडाक्षरं, ल्ल आणि म्म, आणि दोन्ही त्या अशी गिरवून काढायच्या की बघत राहावं. दुकानदार म्हणाला, सही चालत नाही, अंगठाच लागतो. हे त्यांना फार लागलं. ज्या अंगठ्याला कंटाळून सही शिकले त्याच्याच दारात परत आणून उभं केलं, असं त्या आठवडाभर ज्याला त्याला सांगत होत्या.

एका दुपारी मी पेपर संपवून आले तर मावशी माझ्या ओट्यावर बसलेल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, त्या मशीनला कुणीतरी सांगून ठिवलंय."

काय सांगून ठेवलंय, मी विचारलं.

"ही आली की न्हाय म्हन म्हून."

त्यांचा वहीम दिरावर होता. शरणप्पा दोनदा दुकानाच्या पायरीवर बसलेला त्यांना दिसला होता. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही वाटलं, असेल. पण मी शिकवणारी बाई. शिकवणाऱ्याच्या तोंडून ठाम वाक्यं आपोआप बाहेर पडतात. मी म्हणाले, मशीनला कुणी काही सांगू शकत नाही, ते फक्त आकडेमोड करतं. मावशींनी माझ्याकडं त्यांच्या त्या नजरेनं बघितलं आणि म्हणाल्या, मग ती आकडेमोड मला दाखवा. पोरांना शिकवता तशी नको, खरी दाखवा.

असं मला वर्गात कधी कुणी म्हणालेलं नाही. वर्गात विचारतात, हे परीक्षेला येणार का?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडमध्ये जाऊन बसले. भोवती चिंचोक्यांचा ढीग. लहानपणी आम्ही करायचो तसे चार चिंचोके मी दगडावर घासले. घासलं की एक बाजू पांढरी सपाट होते, दुसरी काळपट तशीच राहते. मी म्हणाले, मशीनला दोनच गोष्टी कळतात, वीज आहे किंवा वीज नाही. पांढरा वर म्हणजे आहे, काळा वर म्हणजे नाही. आता यांना जागेप्रमाणं किंमत द्यायची. उजवीकडचा एकाचा, त्याच्या शेजारचा दोनाचा, त्यापुढचा चाराचा, शेवटचा आठाचा. जे पांढरे दिसतील त्यांची बेरीज, तोच आकडा. चाराचा आणि एकाचा पांढरा केला की झाले पाच. बायकांनी दांडकी थांबवून बघितलं. दोघीतिघींनी माना हलवल्या. मला बरं वाटायला लागलं होतं. मग मी चारही काळे केले आणि विचारलं, आता किती?

सगळ्या एका सुरात म्हणाल्या, आठ.

मला आधी वाटलं, चेष्टा चाललीय. दिवसच तसे होते, मला सगळ्यांचाच संशय यायचा. पण त्यांचे चेहरे गंभीर होते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं उन्हाळ्याच्या दुपारी बायका फरशीवर चौकटी आखून चल्लस खेळतात. त्यात फासे म्हणून हेच चार घासलेले चिंचोके. जितके पांढरे पडतील तितकी घरं पुढं जायचं. चारही पांढरे पडले तर चार, आणि चारही काळे पडले तर आठ. सगळ्यात मोठं दान. माझ्या मशीनमध्ये जिथं काहीच नाही, तिथं यांच्या पटावर सगळ्यात जास्त होतं. आणि जागेची किंमत ही गोष्ट तर त्यांना मुळीच पटेना. एकाच आकड्यातून निघालेले चिंचोके, त्यातला हा आठाचा आणि हा एकाचा, हे ठरवणारी मी कोण, असा एकीनं सरळ सवाल केला. मी म्हणाले, एकशे अकरामध्ये तिन्ही एकच असतात ना, तरी डावीकडचा शंभराचा का? यावर तिनं मान डोलावली, पण समाधानानं नव्हे.

मावशींचं लक्ष भलतीकडंच होतं. त्यांनी विचारलं, म्हणजे मशीनच्या लेखी काळं म्हणजे काहीच नाही का? मी म्हणाले, हो, पूज्य. त्यांनी आपला अंगठा वर करून बघितला. चिंचेनं काळाठिक्कर पडलेला. मी लगेच सांगितलं की मावशी, तसं नाही, बोटाच्या रंगाचा काही संबंध नाही. त्या बरं म्हणाल्या. बरं म्हणणं आणि पटणं यातलं अंतर मला मास्तरकीत इतकी वर्षं काढून कळायला हवं होतं.

मग त्यांनी बेरजेचं विचारलं. संध्याकाळच्या वर्गात त्या हातच्याची बेरीज शिकल्या होत्या. मशीनला हात नाहीत, तर ते हातचा कुठं ठेवतं? हा प्रश्न मला इतका आवडला की मी पुढचा अर्धा तास त्यातच रमले. मी दाखवलं की एकाच्या घरात आधीच पांढरा आहे आणि आणखी एक आला, तर हे घर काळं होतं आणि एक शेजारच्या घरात जातो. शेजारचंही भरलेलं असेल तर त्याच्या पुढच्या घरात. हातचा कुणी धरून ठेवत नाही, बारीक तारेवरून तो डावीकडच्या शेजाऱ्याकडं जातो. मशीनचं काळीज म्हणजे एवढंच, अशी अगणित घरं आणि त्यांच्यामधल्या तारा. मावशी म्हणाल्या, शेजारणीकडं गेलेलं माघारी येत नसतं. बायका हसल्या, दांडकी पुन्हा सुरू झाली. मी उठताना मावशी माझ्याबरोबर दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी लई छान सांगताव. पर हातचं राखून सांगताव."

हे वाक्य अजून माझा पिच्छा सोडत नाही. फळ्यासमोर उभी राहिले की हमखास आठवतं. समजावून सांगणारा प्रत्येक माणूस हातचं राखूनच सांगतो. त्याशिवाय सांगताच येत नाही. वीज आहे-नाही म्हणताना मी किती थोड्या विजेला नाही म्हणायचं ते सांगत नाही. सांगायला गेले तर वर्गातली निम्मी पोरं खिडकीबाहेर बघायला लागतील. पण मग ऐकणाऱ्यानं कुठवर विश्वास ठेवायचा? मी स्वतः ठेवते का? माझा फोन मला विचारतो, तुम्ही कुठं आहात ते कळू दे का? मी नाही म्हणते, आणि तरी मी सोलापूरला पोचले की तो सोलापूरचं हवामान दाखवतो. कसं, ते मला माहीत आहे, मी ते शिकवते. तरीही मी त्याला रात्री उशाशी ठेवत नाही, पालथा करून टेबलावर ठेवते. माहिती असल्यानं संशय जातो हे मी पोरांना सांगते खरं, पण माझा अनुभव तसा नाही. अडाण्याला एक संशय असतो, शिकलेल्याला त्याच संशयाच्या शाखा फुटतात.

दोन दिवसांनी मावशी पुन्हा ओट्यावर आल्या. अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. मी सोडायला लावली. अंगठा लालबुंद, कातडी सोललेली. टाचा घासायच्या वजरीनं त्यांनी तो पांढरा होईपर्यंत घासला होता. चिंचोका घासतात तसा. मी रंगाचा संबंध नाही म्हणाले होते, पण बाई हातचं राखून सांगतात हे ठरल्यावर त्यांना वाटलं, राखलेलं ते हेच असणार. मला इतका राग आला की मी मोठ्यानं ओरडले. अशानं होत्या त्या रेघाही गेल्या, म्हणाले. त्या शांतपणे म्हणाल्या, कसल्या रेघा?

तेव्हा मला कळलं की मी मशीनच्या पोटातलं सगळं सांगत बसले आणि दारातलंच सांगायचं राहिलं.

मी फोनचा कॅमेरा पार जवळ नेऊन माझ्या अंगठ्याचा फोटो काढला आणि मोठा करून दाखवला. नांगरलेल्या रानासारख्या ओळीच्या ओळी रेघा. मशीनची काच हेच बघते. उंचवटा काचेला टेकतो, खाच टेकत नाही. टेकला तो ठिपका एका प्रकारचा, नाही टेकला तो दुसऱ्या. झाले आपले काळे-पांढरे चिंचोके. मग कुठं रेघ फुटून दोन झाल्या, कुठं रेघ मध्येच संपली, त्या जागा आकड्यांत लिहून ठेवायच्या. तुमची जुनी नोंद दूर कुठंतरी मोठ्या मशीनमध्ये आहे. आजच्या जागा तिच्याशी जुळल्या की तुम्ही तुम्ही. एवढं सांगून मी मावशींच्या अंगठ्याचा फोटो काढला. मधोमध सोललेलं होतं ते सोडा, पण ज्या कडा वजरीतून वाचल्या होत्या त्यांवरही रेघ नव्हती. पहिलं बोट, मधलं बोट, तीच गत, डाव्या हाताचीही तीच. चिंचेच्या आंबटानं आणि रोजच्या घासण्यानं सगळं रान सपाट झालं होतं. पावसाळ्यात काम नसतं तेव्हा थोडं भरून येतं, फाल्गुनात पुन्हा जातं. फोनच्या पडद्यावर आमचे दोन अंगठे शेजारीशेजारी होते आणि मला स्वतःच्या ठळक रेघांची लाज वाटली. फळ्यावरच्या खडूनं माणसाचं काहीच झिजत नाही.

मावशींनी दोन्ही फोटो निरखून बघितले. मग त्यांनी अचूक जागी बोट ठेवलं. सगळं जुळावं लागतं का? मी म्हणाले, सगळं कुणाचंच जुळत नाही, घाम असतो, बोट वाकडं पडतं. जवळपास जुळलं की पुरे. जवळपास म्हणजे किती? ते आधी ठरवलेलं असतं. फार कडक ठेवलं तर खरी माणसं परत जातात, फार सैल ठेवलं तर खोटी आत शिरतात. कुणी ठरवलेलं असतं? मी म्हणाले, कुणीतरी माणसानंच.

"म्हंजे सांगून ठिवलंय की कुणीतरी," मावशी म्हणाल्या. "कवाच्या न्हाय न्हाय म्हनताव."

मी म्हणाले, तुमच्याबद्दल नाही सांगितलेलं, शरणप्पानं तर नाहीच नाही. पण माझ्या आवाजातला ठामपणा गेला होता आणि ते त्यांना ऐकू आलं असणार.

उपाय तसा साधा होता. नोंद करताना दहाही बोटं घेतलेली असतात, त्यातलं कुठलंही चालायला हवं. पण सगळे त्याला अंगठाच म्हणतात. अंगठा द्या, अंगठा लावा, अंगठा झाला का? शब्दच असा पडलाय की दुसरं बोट पुढं करायचं ना दुकानदाराच्या डोक्यात येतं ना गिऱ्हाइकाच्या. मी मावशींना म्हणाले, अनामिका लावून बघू. त्या मागंच सरल्या. पहिलं, मधलं आणि अनामिका, या तीन बोटांनी त्या विभूती लावायच्या. दोन तर कामानं उष्टी झाली होती, म्हणून हंगामात त्या विभूती फक्त अनामिकेनं, तीनदा ओढून लावायच्या. ती त्यांनी चिंचेपासूनही जपली होती आणि ती जगाच्या बोटांनी चिकट झालेल्या काचेवर ठेवायला त्या तयार नव्हत्या. मग उरली करंगळी. करंगळी म्हटल्यावर त्या चक्क लाजल्या. शाळेतली पोरं मास्तरला करंगळी दाखवतात ती कशासाठी, हे सगळ्यांना माहीत आहे. भरल्या दुकानात परक्या पुरुषापुढं करंगळी काढायची? मी म्हणाले, मग पिठाचा डबा. जरा कठोरच बोलले. पण दिवस थोडेच राहिले होते.

अखेरच्या आठवड्यात आम्ही गेलो. रांगेत आमच्या पुढं शरणप्पा होता. तो गवंडीकाम करतो. त्याचाही अंगठा मशीननं घेतला नाही, दोन्ही हातांचा नाही, सिमेंटनं खाल्लेला. दुकानदार त्यालाही उद्या या म्हणाला. मी मावशींना कोपरानं खुणावलं, बघा, तो स्वतःच अडकलाय. मावशी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, नाटक आहे. शरणप्पा बाजूला जाऊन पोत्यावर बसला आणि आपल्या हातांकडं बघत राहिला. ते नाटक नव्हतं. नाटकात माणूस इतका वेळ बघत नाही.

मावशींची पाळी आली. त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, भिंतीकडं तोंड केलं आणि करंगळी काचेवर ठेवली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. दिवा हिरवा झाला. दुकानदार म्हणाला, झालं मावशी, तुमचं नाव राहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मावशींचा चेहरा हलला नाही. त्या करंगळीकडं बघत होत्या. मग त्यांनी एकदम वळून शरणप्पाला तीच करंगळी वर करून दाखवली. इतक्या वर्षांत दिराशी त्यांनी केलेली ती पहिली खूण असेल. त्याला वाटलं, भावजय चारचौघांत आपली टर उडवतेय. तो लाल होऊन निघून गेला. दोन दिवसांनी गुपचूप येऊन त्यानं करंगळी लावली, हे दुकानदारानं मला नंतर सांगितलं.

परतताना किल्ल्याच्या बाजूनं वारा येत होता. मी म्हणाले, आता तरी मशीनवरचा राग सोडा, ओळखलं ना तुम्हाला? त्या थांबल्या.

"हे बोट कधी कामाला आलं न्हाय, म्हून ऱ्हायलं," करंगळी धरून म्हणाल्या. "ज्यांनी मला जगिवलं त्यांला त्ये वळखंना."

मी काहीतरी बोलायला गेले. काचेचं, उंचवट्यांचं, जवळपासचं. सगळं खरं होतं आणि सगळं बिनकामाचं. मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. मशीननं काही चूक केली नव्हती, ज्यानं ते बनवलं त्यानंही नाही, दुकानदारानं तर नाहीच. गणित बरोबर होतं. पहिल्यांदाच मला बरोबर आलेल्या गणिताचा संशय आला.

त्यानंतर हंगाम आले आणि गेले. माझी पोरं पास झाली, नापास झाली, पुण्याला गेली. यंदा पेपर संपवून मी मागच्या दारानं शेडमध्ये डोकावले. दांडक्यांचा तोच ठोका, पायाखाली तीच टरफलं. पण एक गोष्ट मी आजवर नीट बघितली नव्हती. बसलेल्या प्रत्येक बाईच्या उजव्या करंगळीला चिंधी बांधलेली होती. नव्या आलेल्या पोरीसुद्धा कामाला बसायच्या आधी करंगळी बांधून घेत होत्या, जुन्या बायका त्यांना गाठ मारून देत होत्या. चार बोटं कामाला आणि एक मशीनसाठी राखून ठेवलेलं. हे कुणी शिकवलं असं मी विचारलंच नाही.

मावशी आता थकल्या आहेत. टोला जोरात बसत नाही म्हणून फक्त शिरा काढतात. कातडं सैल पडलंय, गालफडं बसलीत, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय. मला बघून त्यांनी शेजारी जागा केली आणि विचारलं, आता बोट नको, तोंड बघून ओळखणार म्हणतात, ते खरं का? मी म्हणाले, हो, तसं चाललंय. फोनमध्ये चेहरा धरायचा, डोळ्यांमधलं अंतर, नाकाची लांबी, हनुवटी, सगळ्याचे आकडे करून जुन्या फोटोशी ताडायचं. जवळपास जुळलं की झालं. मावशींनी करंगळीला चिंधी बांधलेला हात तोंडावरून हळूहळू फिरवला, कपाळ, गाल, हनुवटी, आणि मला विचारलं, "बोट झाकून ठिवलं, बाई. तोंड कुटं झाकून ठिवू? उनात तेच तर म्होरं असतंय."